दारू सुटली, पण मन लागत नाही
दारू सोडल्यावर चहाचा कप धरताना होणारी हाताची थरथर, घाम, मळमळ साधारण आठवडाभरात ओसरते. उदासी, चिडचिड, तुटक झोप मात्र काही आठवडे, कधी महिनेही रेंगाळते. अनेकांची उदासी तीन-चार आठवड्यांत आपोआप कमी होते. ती हटली नाही, किंवा नैराश्य आधीपासूनच असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ सर्ट्रालिनसारखं औषध देऊ शकतात. त्याचा गुण यायला २ ते ६ आठवडे लागतात. दारूची तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं वेगळी. बरं वाटलं म्हणून नैराश्याच्या गोळ्या एकदम बंद करू नका. डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावा लागतो. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर लगेच टेली मानस हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. औषध घेणं म्हणजे निर्धार कमी पडणं नव्हे.