पाबळची हातांनी शिकण्याची शाळा

दहावीच्या गणितात अडकलेला किंवा आठवीनंतर शाळा सुटलेला खेड्यातील मुलगा एकदा ‘ढ’ ठरला, की कायमचा ढ ठरतो. विहिरीवरची मोटार उघडून तो ती पुन्हा जोडतो, ही गोष्ट मात्र गुणपत्रिकेत कोठेच येत नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांना ही विसंगती शिक्षणपद्धतीची वाटली, मुलांची नव्हे. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधकाची नोकरी सोडून १९८३ मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम सुरू केला.

येथील ग्रामीण तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि निवासी आहे. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य हे चारही विभाग प्रत्येकाला शिकावे लागतात. वेल्डिंग करणारा मुलगा माती आणि रक्तही तपासायला शिकतो. खेड्यात एकाच कसबावर पोट भरेल इतके काम मिळत नाही, हे त्यामागचे रोखठोक कारण.

पण खरे वेगळेपण गावाला पैसे घेऊन सेवा पुरवण्यात आहे. लोखंडी फाटक करायचे, तर माप घ्यावे लागते, लोखंडाचे वजन काढावे लागते, वाया जाणारा माल आणि मजुरी धरून अंदाजपत्रक मांडावे लागते. ज्या शेकडेवारीने वर्गात घाम फोडला, ती येथे चुकली तर तोटा होतो. सांधा कच्चा राहिला, तर गिऱ्हाईक परत येते. अशी परीक्षा कोणत्याही मंडळाला घेता आलेली नाही.

अभ्यासक्रमाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली. तरीही एक शंका उरते: शहरातील मुलांना पुस्तके आणि खेड्यातील मुलांना हातोडा, अशी ही नवी उतरंड तर नव्हे? शंका रास्त आहे. मात्र आश्रमाने ही पद्धत केवळ गळालेल्या मुलांपुरती ठेवली नाही. ‘मूलभूत तंत्रज्ञान’ या नावाने ती नेहमीच्या माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीच्या सर्वच मुलामुलींसाठी नेली. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. त्याआधी, २००२ मध्ये, अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने पाबळला ‘फॅब लॅब’ उभी राहिली होती. संगणकावर आखलेली वस्तू यंत्रावर प्रत्यक्ष घडवण्याची ही सोय तेव्हा अनेक शहरी अभियांत्रिकी महाविद्यालयांनाही ठाऊक नव्हती.