आधी मादी, मग नर : केल्पच्या जंगलातला शीपहेड

सांता बार्बरापासून सॅन दिएगोपर्यंत, दक्षिण कॅलिफोर्नियाच्या खडकाळ समुद्रतळावर जंगलं उभी आहेत. त्यांत झाड मात्र एकही नाही. जायंट केल्प हे तपकिरी शेवाळ. त्याला मुळं नसतात. तळाशी असलेल्या चिवट तंतूंच्या जुडग्याने ते खडक धरून ठेवतं. पात्यांच्या बुडाशी हवेचे फुगे असतात. त्यांच्या बळावर ते वीस-तीस मीटर खोलीवरून थेट पृष्ठभाग गाठतं. खालचं थंड, पोषक पाणी वर येत राहिलं, तर ते दिवसाला अर्धा मीटरही वाढतं. चार्ल्स डार्विनने 1834 मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाला अशी केल्पची रानं पाहिली आणि त्यांच्या आसऱ्याने जगणाऱ्या जीवांची दाटी पाहून त्यांची तुलना जमिनीवरच्या अरण्यांशी केली.

या रानातला एक ठसठशीत रहिवासी म्हणजे कॅलिफोर्निया शीपहेड. माँटेरे उपसागरापासून मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखातापर्यंत तो आढळतो, पण त्याची खरी वस्ती पॉइंट कन्सेप्शन या भूशिराच्या दक्षिणेला. पिल्लू नारिंगी, अंगावर पांढरा पट्टा, परांवर काळे ठिपके. मादी फिकट गुलाबी. नराचं डोकं आणि शेपटी काळी, मधला भाग लाल, हनुवटी पांढरीशुभ्र.

हे तिन्ही अवतार एकाच माशाचे. प्रत्येक शीपहेड मादी म्हणून वाढतो आणि पुढे काही माद्यांचे नर होतात. जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉर्नर यांनी 1975 मध्ये कॅटलिना बेटाजवळच्या माशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे माद्या साधारण चौथ्या वर्षी अंडी घालू लागत आणि सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमारास नर होत. हे वय सगळीकडे सारखं नसतं. अन्न किती मिळतं, आसपास मोठे नर किती आहेत, यावर ते ठरतं. रायगडच्या खाडीतला जिताडा नेमका उलटा : तो आधी नर असतो, मग मादी होतो.

शीपहेड दिवसा शिकार करतो आणि रात्री कपारीत, स्वतःच्याच चिकट स्रावाच्या आवरणात झोपतो. सुळ्यांसारख्या दातांनी तो शिंपले, खेकडे, अर्चिन खडकावरून उपटतो आणि घशातल्या हाडांच्या पट्ट्यांनी त्यांची कवचं फोडतो.

यातल्या अर्चिनवरच जंगलाचं भवितव्य टांगलेलं आहे. हे काटेरी गोळे बेसुमार वाढले, की केल्प कुरतडून तळ उघडाबोडका करतात. समुद्री ऊदमांजर त्यांना खात असे. पण फरच्या व्यापाराने ते दक्षिणेतून एकोणिसाव्या शतकातच संपवलं. मग ही जबाबदारी शीपहेड आणि काटेरी लॉबस्टरवर आली. संशोधक रॉबर्ट कोवेन यांनी सॅन निकोलस बेटाजवळच्या एका खडकावरून शीपहेड हटवून पाहिले, तेव्हा लाल अर्चिन वाढले आणि कपारी सोडून उघड्यावर फिरू लागले. त्यांचा प्रयोग 1983 मध्ये प्रसिद्ध झाला. अनाकापा बेटालगत 1978 पासून मासेमारीला पूर्ण बंदी असलेला एक पट्टा आहे. तिथे शीपहेड आणि लॉबस्टर जास्त, आणि केल्पही टिकून राहिलं.

उत्तर कॅलिफोर्नियात अर्चिनवरचा पहारा सुटला. तिथे शीपहेड जवळजवळ नाहीच. अर्चिन खाणारा सूर्यफूल तारामासा 2013 पासून रोगाने मरू लागला आणि 2014 ते 2016 मध्ये समुद्र तापला. जांभळ्या अर्चिनच्या झुंडींनी बुल केल्प या तिथल्या केल्पचं नव्वद टक्क्यांहून अधिक रान साफ केलं. अ‍ॅबलोनी या समुद्री गोगलगायींची उपासमार झाली आणि 2018 मध्ये त्यांची मासेमारी बंद करावी लागली.

दक्षिणेतही शीपहेडला धोका आहेच. 1980 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या आशियाई उपाहारगृहांत जिवंत माशांना मागणी आली. ताटात मावेल एवढाच मासा हवा, म्हणून माद्याच जास्त पकडल्या गेल्या. पाण्याखाली भाल्याने मासे मारणाऱ्या हौशी शिकाऱ्यांना मात्र मोठा नर हवा असतो. मासेमारीचा जोर होता तिथे मासे लहान आकारातच नर होऊ लागले. पुढे किमान लांबीची अट आली. व्यावसायिकांसाठी ती 13 इंच आहे.

या अटीने लहान मासे वाचतात, पण मोठ्यांना संरक्षण मिळत नाही. मोठे अर्चिन फोडायला मोठाच जबडा लागतो. लहान शीपहेड कितीही असले तरी ते काम त्यांच्याने होत नाही. हा मासा पन्नास वर्षं जगू शकतो. मासेमारीला बंदी असलेल्या पट्ट्यांतच त्याला तेवढं वाढू दिलं जातं, आणि म्हणून केल्प राखायला असे पट्टे मदत करतात.