नाव नसलेला कारागीर कसा शोधायचा?

वस्तूंवरून इतिहास वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं, असं बरेच जण विचारतात. आज त्याचंच एक उदाहरण घेऊ. विषय थोडा अनोळखी आहे, पण पद्धत समजायला सोपा आहे: अमेरिकेतल्या जुन्या लष्करी रायफली, ज्यांची नंतर कोणीतरी शिकारीची रायफल बनवली.

१९०३ची स्प्रिंगफील्ड, पहिल्या महायुद्धातली एम१९१७, जर्मन माउझर अशा रायफली सैन्याबाहेर आल्या, की अनेकांनी त्या घरीच ‘सुधारल्या’. करवत घेतली, दस्त्याचा पुढचा भाग कापला, झालं काम. पण त्याच काळात ग्रिफिन अँड हाउ यांच्यासारखे लोकही होते. १९२३ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली ही कंपनी लष्करी रायफलीच्या सांगाड्यावर अतिशय देखणं काम करायची. शिवाय असे कितीतरी गनस्मिथ, ज्यांनी उत्तम काम केलं पण नाव कुठेच कोरलं नाही.

अडचण अशी, की नोंदवहीत या सगळ्यांपुढे एकच शेरा पडतो: ‘बदल केलेली’.

माझ्याकडूनही हेच झालं. पहिल्या वर्षी फोटोंवरून नोंदी करताना एका स्प्रिंगफील्डपुढे ‘मूळ रूप बिघडवलेली’ असं लिहून मी मोकळा झालो. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “दस्त्याच्या आतला फोटो पाहिलास का?” पाहिला नव्हता. तेव्हापासून मी चार प्रश्न ठरलेल्या क्रमानं विचारतो.

१. दस्ता कापलेला आहे की नव्यानं घडवलेला? स्प्रिंगफील्डच्या जुन्या लष्करी दस्त्याला दोन्ही बाजूंना बोटांच्या पकडीसाठी लांब खाचा असतात, आणि नळीभोवतीच्या पट्ट्यांसाठी जागा केलेली असते. कापलेल्या दस्त्यावर यातलं काहीतरी उरतंच. लाकूड भरून बुजवलं तरी रेषांची दिशा जुळत नाही. या खुणा नसतील आणि अक्रोडाचं लाकूड चांगलं, रेषा मनगटाच्या भागातून सरळ जाणाऱ्या असतील, तर दस्ता बहुधा नव्यानं घडवलेला आहे.

२. न दिसणाऱ्या जागी काम कसं आहे? मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच. बाहेरून पॉलिश कोणीही करेल. धातूचे भाग ज्या पोकळीत बसतात ती पोकळी मात्र कारागिराची खरी परीक्षा. चांगल्या कामात लाकूड आणि धातू यांच्यात फट जवळपास नसते, कोपरे स्वच्छ असतात, पटाशीचे घाव एकसारखे असतात. घाईच्या कामात पोकळी गरजेपेक्षा मोठी असते.

पकडीवरच्या चौकडीच्या नक्षीचंही तसंच. चौकटी टोकदार आहेत का, सगळ्या सारख्या आहेत का, रेषा कडेबाहेर घसरल्या आहेत का, हे भिंगाखाली बघायचं.

३. धातूवर किती मेहनत घेतली आहे? एम१९१७ला मागच्या नेमाच्या दोन्ही बाजूंना उंच ‘कान’ असतात. ते काढून तो भाग गोलाईत आणणं वेळखाऊ काम आहे. कान नुसते घासून सपाट केलेत, की पुढच्या भागाच्या वळणाशी नीट मिळवलेत? बोल्टचा दांडा वाकवला असेल तर जोड दिसतो का? इथे कानस धरणारा हात ओळखू येतो.

४. कोणतं काम आधी, कोणतं नंतर? स्प्रिंगफील्डच्या नळीवर पुढच्या नेमाच्या मागे बनवणाऱ्या कारखान्याची अक्षरं आणि महिना-वर्ष असतं. पण ती तारीख नळीची, गनस्मिथच्या कामाची नव्हे! काम त्याआधीचं नाही, एवढंच त्यावरून म्हणता येतं, आणि तेही नळी नंतर बदललेली नसेल तरच. दस्त्यात जुन्या लायमन नेमासाठी खाच आहे आणि वर दुर्बिणीसाठी भोकंही पाडलेली आहेत, असं दिसलं तर बहुतेक दोन वेगवेगळ्या वेळी काम झालंय. कदाचित दोन वेगळ्या माणसांनी.

आता सावधगिरीची गोष्ट. काम उत्तम दिसलं, की लगेच मोठं नाव जोडायचा मोह होतो. नावामुळे किंमत वाढते, म्हणून विकणाऱ्यालाही तो होतो. ग्रिफिन अँड हाउच्या कामावर साधारणपणे नळीवर नाव आणि क्रमांक असतो. तसा काही पुरावा नसेल तर ‘कुशल व्यावसायिक काम, कारागीर अज्ञात’ इथेच थांबायचं. नाव कोरलेलं असलं तरी ते नंतर कोरलेलं नाही ना, हेही तपासायचं.

आणि हो, हे सगळं परवानाधारक जबाबदार व्यक्तीसमोर, रायफल रिकामी असल्याची खात्री करूनच. उघडणं-जोडणंही त्यांनीच करायचं. रायफल चालवून बघायचा तर प्रश्नच नाही. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,०००च्या आतल्या क्रमांकांचे रिसीव्हर ठिसूळ असू शकतात. पोलाद तापवताना तापमान नजरेनं ठरवलं जायचं, हे त्यामागचं एक कारण.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण आज लष्करी रूपाला मागणी आहे. त्यामुळे काही संग्राहक अशा रायफलींना पुन्हा लष्करी दस्ता चढवतात आणि गनस्मिथनं घडवलेला दस्ता अडगळीत जातो. निनावी कारागिराचा एकमेव पुरावा तोच असतो. रायफल ‘मूळ रूपात’ येते, आणि त्या माणसाचं काम कायमचं पुसलं जातं.

माझ्या त्या स्प्रिंगफील्डच्या आतले फोटो नंतर मागवले. पोकळी इतकी नेटकी होती, की शेरा बदलावाच लागला. कारागिराचं नाव अजून मिळालेलं नाही. पण आता माझ्या तक्त्यात तीन रकाने आहेत: काय दिसतं, त्यावरून काय वाटतं, आणि काय सिद्ध झालंय. तिसरा रकाना बऱ्याचदा रिकामाच राहतो, आणि तो तसा ठेवायला मी शिकतोय.

तुमचा विषय नाणी असोत, हस्तलिखितं असोत की जुनी वाद्यं, हे तीन रकाने आधी आखून बघा. एखादी जुनी नोंद त्यात भरताना कुठे अडलात, ते मला जरूर कळवा.