धातुशोधकाचे शून्य

अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी गोळी झाडण्यात आली. शरीरात रुतलेली गोळी हुडकण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युत् प्रवर्तनावर चालणारे एक उपकरण सिद्ध केले. अन्यत्र केलेल्या चाचण्यांत ते उत्तम चाले. परंतु रुग्णाच्या गादीत पोलादी तारा होत्या आणि वैद्यांनी शोध घेऊ दिला तो शरीराच्या एकाच बाजूस. गोळी सापडली नाही; सप्टेंबरात अध्यक्ष निवर्तले. धातुशोधक बनविणे एक, आणि धातू नसता तो काय दाखवितो हे निश्चित जाणणे निराळे. या दुसऱ्या कामास अंशशोधन म्हणतात.

घरगुती शोधकात तांब्याच्या तारेचे वेटोळे व धारित्र यांचा आंदोलक असतो. वेटोळ्याची प्रवर्तकता १ मिलिहेन्री व धारिता २५ नॅनोफॅरड असेल, तर दर सेकंदास सुमारे ३१,८०० आंदोलने होतात. जवळ ॲल्युमिनियमचे झाकण आणले की त्यात आवर्त प्रवाह उत्पन्न होऊन प्रवर्तकता घटते व आंदोलने वाढतात. फेराइटचा तुकडा आणल्यास उलट घडते. हल्लीचे रुपयाचे नाणे चुंबकास चिकटणाऱ्या पोलादाचे असते. त्यात हे दोन्ही परिणाम परस्परांविरुद्ध ओढतात, म्हणून परीक्षेस ते घेऊ नये.

प्रवर्तकतेत एक सहस्रांश फरक पडला, तर आंदोलनांत केवळ सोळांचा पडतो. म्हणून सूक्ष्मनियंत्रक सेकंदभर आंदोलने मोजतो व तो आकडा अनुक्रमी जोडणीने संगणकाकडे धाडतो. या जोडणीत एकाच तारेवरून बिट एकामागून एक जातात. सेकंदास ९,६०० बिट हा वेग पाच अंकी आकड्यास पुरेसा होतो.

प्रथम उपकरण दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावे. वेटोळे लाकडी पाटावर, संगणकापासून मीटरभर दूर असावे; संगणकातही धातू असतो, याचा विसर पडतो. मग धातू नसताना शंभर आकडे उतरवून घ्यावेत. समजा, सरासरी ३१,८२६ असून आकडे तिच्या दोन्ही बाजूंस दोन-तीनने हलतात. तर इशाऱ्याची मर्यादा आठ-दहाच्या खाली ठेवू नये. योग्य आज्ञावली असल्यास ही मर्यादा त्याच जोडणीने सूक्ष्मनियंत्रकाकडे उलट पाठविता येते.

खरी अडचण उष्णतेची. उन्हात धारिता एक सहस्रांशाने वाढली, तरी आंदोलने सोळांनीच घटतात. त्याच वेळी पुरलेले झाकण ती सोळांनी वाढवीत असेल, तर आकडा जागचा हलणार नाही आणि झाकण जमिनीतच राहील. यावर उपाय म्हणून शून्याचा आकडा हळूहळू सरकविण्याची योजना करतात. तो फार त्वरेने सरकविला, तर झाकणावर स्थिर धरलेला शोधक झाकणालाच शून्य मानू लागतो. पडद्यावर हे स्पष्ट दिसते: फरक उसळतो, आणि काहीही न हलविता पुन्हा खाली बसतो.

अखेरीस जोडतार काढून, विद्युत्घटावर उपकरण एकदा तपासावे. पुरवठा बदलला की शून्यही किंचित सरकते. त्या वेळी संगणकाची सोबत नसते. गुंजकाचा आवाज आणि लाकडी पट्टीवर मोजलेले झाकणाचे अंतर, एवढ्यावरच निर्णय करावा लागतो.