एकच नाव, तीन पत्ते : डेटाबेस कनेक्शनची गोष्ट



दिल्लीत कधी आलात आणि ऑटोवाल्याला नुसतं “महाराष्ट्र सदन” सांगितलंत, तर तो विचारतो, “कौनसा?” कारण सदनं दोन आहेत. जुनं कोपर्निकस मार्गावर, नवीन कस्तुरबा गांधी मार्गावर. नाव एक, पत्ते दोन. चुकीच्या दारात उतरलात तर दहा-पंधरा मिनिटं जातात, बाकी काही बिघडत नाही. डेटाबेसचा पत्ता चुकला की मात्र काय बिघडतं, ते मी स्वतः भोगलं आहे. आजचा भाग त्यावरच.

मी तेव्हा नोएडात, सेक्टर ६२ मध्ये नोकरीला होतो. आमच्याकडे रोज रात्री बारा जॉब चालायचे. मुख्य सिस्टीममधून डीलरांची थकबाकी उचलायची, रिपोर्टिंगच्या डेटाबेसमधलं जुनं टेबल रिकामं करायचं आणि नव्याने भरायचं. मला एक बदल तपासायचा होता, म्हणून मी प्रॉडक्शनवरचा अख्खा प्रोजेक्ट टेस्टच्या मशीनवर उतरवून घेतला. सगळे जॉब उघडून डेटाबेसचा पत्ता बदलला आणि चालवून दिले. अकरा जॉबमध्ये बदलला होता. बारावा राहिला.

त्या बाराव्या जॉबने टेस्टचा नमुना डेटा उचलला, प्रॉडक्शनचं टेबल रिकामं केलं आणि त्यात नमुन्याच्या चाळीस ओळी भरल्या. एकही एरर नाही, लॉग हिरवागार. आता नियम असा होता की थकबाकी असलेल्या डीलरला माल सोडायचा नाही. सकाळी थकबाकीच दिसेना, म्हणून मानेसरच्या गोदामातून गाड्या निघाल्या. बॅकअपवरून टेबल परत आणेपर्यंत दुपार झाली, तोवर जायचा तो माल गेला होता.

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, “बारावा राहिला हे समजलं. पण मुळात पत्ता बारा ठिकाणी लिहिलाच का?”

मंडळी, आजचा सगळा विषय या एका प्रश्नात आहे. जॉबला डेटाबेसचं फक्त नाव माहीत असावं. पत्ता, युजर आणि पासवर्ड त्याला जिथे तो चालतो त्या जागेने द्यावा.

साधं उदाहरण घ्या. पत्र लिहिताना आपण पत्ता मजकुरात घुसवत नाही, पाकिटावर लिहितो. तेच पत्र दुसऱ्याला पाठवायचं तर पाकीट बदलतं, मजकुराला हात लागत नाही. जॉब म्हणजे मजकूर, कनेक्शन म्हणजे पाकीट. डेव्हलपमेंटमधून टेस्टला आणि टेस्टमधून प्रॉडक्शनला जाताना जॉबची फाईल उघडावी लागत असेल, तर तुम्ही तपासलेला जॉब आणि प्रॉडक्शनला चालणारा जॉब एक नाहीत. मग तपासणीला अर्थ काय राहिला?

ही सोय बहुतेक साधनांत असते, नावं वेगळी असतात. टॅलेंडमध्ये तिला कॉन्टेक्स्ट म्हणतात. व्हेरिएबल एकदाच ठरवायचे, प्रत्येक जागेसाठी त्यांच्या किमती वेगळ्या ठेवायच्या आणि जॉब सुरू करताना कुठला कॉन्टेक्स्ट ते सांगायचं. पेंटाहोमध्ये केटल डॉट प्रॉपर्टीज नावाची फाईल त्या त्या मशीनवर राहते. ओरॅकल डेटा इंटिग्रेटरमध्ये लॉजिकल स्कीमा म्हणजे नाव, फिजिकल स्कीमा म्हणजे पत्ता आणि दोघांची गाठ मारतो तो कॉन्टेक्स्ट. मायक्रोसॉफ्टच्या एसएसआयएसमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून सर्व्हरवरच एन्व्हायर्नमेंट बनवता येतात. यात एक गोष्ट विसरू नका : काहीच सांगितलं नाही तर जॉब जी जागा आपसूक धरतो, ती कधीही प्रॉडक्शन नसावी. विसराळूपणाचा फटका बसलाच तर डेव्हलपमेंटला बसू दे.

आता पासवर्ड. एसएसआयएसमध्ये पॅकेज बनवलं की पासवर्ड सहसा बनवणाऱ्याच्या विंडोज खात्याच्या किल्लीने बंद होतो, कारण मूळ सेटिंगच तसं आहे. सर्व्हरवर जॉब चालतो दुसऱ्या खात्याने, त्याच्याकडे ती किल्ली नसते. मग “माझ्या मशीनवर तर चालतंय” हे पालुपद सुरू होतं. पेंटाहोमध्ये उलटी फसगत. तिथे पासवर्डसमोर “एन्क्रिप्टेड” असं दिसतं, पण मूळ सेटिंगमध्ये तो नुसता वेषांतर केलेला असतो, फाईल हाती लागली तर सहज उलगडतो. म्हणून पासवर्ड जॉबमध्ये नको आणि गिटमध्ये तर नकोच. गिटमधून आज पुसलात तरी जुन्या इतिहासात तो राहतोच. एकदा गेलाच असेल तर पुसत बसू नका, सरळ पासवर्ड बदला. तो ठेवायचा सीक्रेट सांभाळणाऱ्या व्हॉल्टमध्ये. ती सोय नसेल तर सर्व्हरवरच्या अशा फाईलमध्ये, जी फक्त जॉब चालवणारं खातं वाचू शकेल.

पत्ता आणि पासवर्ड बरोबर असूनही जॉब का पडतो, हे आता बघू. कनेक्शनमध्ये आणखी गोष्टी दडलेल्या असतात.

पहिली, अक्षरं. मायएसक्यूएलचं मूळ कॅरेक्टर सेट ८.० आवृत्तीच्या आधी लॅटिन-१ होतं. डेव्हलपमेंटला नवीन आवृत्ती आणि प्रॉडक्शनला जुनी असेल, तर “ज्ञानेश्वर” तिकडे प्रश्नचिन्हांची रांग होऊन पोचतो. आपल्या भाषेतली नावं टेस्टच्या नमुन्यात मुद्दाम ठेवा.

दुसरी, वेळ. एक सर्व्हर भारतीय वेळेवर आणि दुसरा यूटीसीवर असला, तर साडेपाच तासांचा फरक पडतो. पहाटे चारची नोंद आदल्या तारखेत जाऊन बसते आणि महिनाअखेरीचा हिशेब जुळत नाही.

तिसरी, कनेक्शनची संख्या. पोस्टग्रेसमध्ये मूळ मर्यादा १०० आहे. सहा जॉब एकदम सुरू झाले आणि प्रत्येकाने वीस कनेक्शन धरली, की एकशेवीस होतात. टेस्टला एकेक जॉब चालवून हे कधीच कळत नाही.

चौथी, टेबलांची नावं. विंडोजवरच्या मायएसक्यूएलला लहान-मोठी इंग्रजी अक्षरं सारखीच, लिनक्सवर ती सहसा वेगळी मानली जातात. लॅपटॉपवर चाललेला जॉब सर्व्हरवर म्हणतो, असं टेबलच नाही.

एवढं सगळं केलं तरी माणूस चुकणारच, हे धरून चला. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसचं फोल्डर उडवलं. सुमारे ३०० जीबी डेटा होता, जवळजवळ सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने सगळं जाहीरपणे सांगितलं, म्हणून आपल्याला शिकता येतं. तो माणूस कामात कच्चा नव्हता. दोन खिडक्या सारख्याच दिसत होत्या.

म्हणून दोन कुलपं लावा. पहिलं अधिकाराचं. टेस्टच्या युजरला प्रॉडक्शनमध्ये लिहिण्याचा हक्कच नको, आणि टेस्टच्या मशीनवरून प्रॉडक्शनच्या डेटाबेसपर्यंत नेटवर्कची वाटही नको. हे एक कुलूप असतं, तर माझा बारावा जॉब दारातच अडकला असता आणि मानेसरच्या गाड्या जागेवर राहिल्या असत्या. दुसरं ओळखीचं. प्रत्येक डेटाबेसमध्ये एका ओळीचं टेबल ठेवा, त्यात फक्त “टेस्ट” किंवा “प्रॉडक्शन” लिहा. जॉबने सुरुवातीला ते वाचावं, आपल्याला सांगितलेल्या जागेशी ताडावं आणि जुळलं नाही तर तिथेच थांबावं. सर्व्हरचं नाव आणि युजर लॉगमध्ये छापावा, पासवर्ड कधीही नाही.

जाता जाता एक इशारा. टेस्टला सोय म्हणून प्रॉडक्शनचा खरा डेटा जसाच्या तसा उतरवू नका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नावं आणि फोन नंबर आधी झाका, मगच उतरवा.

उद्या ऑफिसात गेलात की एवढंच करा. तुमच्या प्रोजेक्टच्या फाईलींत प्रॉडक्शन सर्व्हरचं नाव शोधा. किती ठिकाणी सापडलं ते मोजा. उत्तर शून्य आलं तर उत्तम. एक आलं तरी आजच काढा. मला बारा ठिकाणी सापडलं होतं, आणि मी ते एक दिवस उशिरा मोजलं.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.