पाळी गेल्यावरची जळजळ

लघवीला आग झाली की आपल्याकडे घरचं निदान ठरलेलं असतं: उन्हाळी लागली. मग धने-जिऱ्याचं पाणी, भिजवलेला सब्जा. संभाजीनगरात नळाला पाणी कैक दिवसांनी येतं आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे हे पटतंही. पण पाळी जाऊन चार-पाच वर्षं झालेल्या बाईला ऐन थंडीतही तीच आग होते, रात्री तीन-तीनदा उठावं लागतं, नवऱ्याजवळ जायची धास्ती वाटते, तेव्हा उन्हाला दोष देऊन भागत नाही.

योनी, मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचं तोंड या तिन्ही जागा इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसलेल्या असतात. पाळी गेल्यावर ते आटलं की योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं. त्या अस्तरातल्या साखरेवर जगणारे लॅक्टोबॅसिलस हे उपयुक्त जिवाणू कमी होतात, त्यांनी राखलेली आम्लता जाते आणि लघवीचा संसर्ग करणाऱ्या, आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूला रान मोकळं मिळतं. म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स संपला की महिन्याभरात पुन्हा तेच. अंगातल्या गरम वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात. हा त्रास मात्र उपचार न केल्यास सहसा वाढतच जातो.

इस्रायलमधले राउल राझ आणि अमेरिकेतले वॉल्टर स्टॅम यांनी १९९३ साली वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या ९३ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना एस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनचं, योनीत वापरायचं मलम दिलं, काहींना औषध नसलेलं. दुसऱ्या गटात वर्षाला सरासरी ५.९ वेळा संसर्ग झाला, पहिल्या गटात ०.५ वेळा. इतका फरक क्वचितच दिसतो. तरीही किती बायकांना हे मलम कुणी सुचवतं?

मलम ट्यूबमध्ये येतं. सोबत प्लास्टिकची, खुणा असलेली नळी. डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणेपर्यंत मलम भरायचं, झोपताना आडवं होऊन नळी आत सरकवायची, दट्ट्या दाबायचा, नळी धुऊन ठेवायची. साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. फरक पडायला महिना ते तीन महिने लागतात आणि थांबवलं की त्रास परततो, हे आधीच सांगायला हवं. नाहीतर बाई पंधरा दिवसांत ट्यूब कपाटात टाकते.

दुसरी अडचण भीतीची. हार्मोन म्हणजे कॅन्सर, हे समीकरण २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर घट्ट झालं. तो अभ्यास पोटात घेण्याच्या गोळ्यांचा होता. कमी मात्रेच्या मलमातून रक्तात फारच थोडं हार्मोन उतरतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल, त्यातही इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्या चालू असतील, तर कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मलम घेऊ नये. आणि पाळी गेल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, तर आधी तपासणी, मलम नंतर.

मराठवाड्यात हा विषय पन्नाशीपुरता राहत नाही, याचंच मला सर्वांत वाईट वाटतं. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या चौकशी समितीला सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, की तिशीतल्या बाईचं इस्ट्रोजेन एकाएकी घसरतं. तिला ऑपरेशनचा कागद जपून ठेवायला सांगा. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या स्त्रीरोग ओपीडीत तो दाखवला, की अंडाशयं राहिली आहेत की गेली, हे डॉक्टरांना लगेच कळतं.