खव्याचा वास आणि एरंडाचे तेल



निष्फळ बडबडीला आपल्या भाषेत ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ म्हणतात. एरंडातून उसासारखा रस निघत नाही, हे खरे. परंतु त्याच्या बियांच्या तेलातून पिकल्या पीचचा, सायीसारखा स्निग्ध वास काढता येतो, आणि जगातील अत्तरांत तो वापरला जातो.

या वासाची ओळख आपल्या जिल्ह्याला नवी नाही. भूम तालुक्यात कुंथलगिरीकडे खव्याच्या भट्ट्या आहेत. दूध आटत आले की कढईतून जो वास सुटतो, त्यात अनेक द्रव्ये असतात. त्यांतील सायीचा भाग मुख्यतः ‘लॅक्टोन’ जातीच्या द्रव्यांचा. दुधाच्या स्निग्धांशात काही लांब साखळीची आम्ले बांधलेली असतात. उष्णतेने ती सुटतात, साखळी वाकते, तिचे आम्लाचे टोक तिच्याच अंगावरील एका जागी जुळते आणि पाण्याचा एक कण बाहेर पडतो. साखळीचे कडे झाले, की लॅक्टोन तयार झाले.

कारखान्यात हेच निराळ्या वाटेने साधतात. एरंडेलापासून केलेले द्रव्य सुमारे 500 अंशांवर तापवले की त्याचे दोन तुकडे होतात. त्यांतील अंडेसिलिनिक आम्लावर गंधकाम्लाची क्रिया केली की अकरा कर्बाणूंचे गॅमा-अंडेकालॅक्टोन मिळते. पॅरिसच्या जाक गेर्लँ यांनी 1919 साली ‘मित्सुको’ या अत्तरात ते वापरले आणि ते गाजले. आपल्याकडेही 1922 साली मुंबईत एस. एच. केळकर यांची सुगंधी द्रव्यांची कंपनी निघाली; या धंद्यात मराठी माणूस तेव्हापासून आहे.

गंमत अशी, की बाजारात या द्रव्याचे नाव ‘अल्डिहाइड सी-14’. ते अल्डिहाइड नाही आणि त्यात चौदा कर्बाणूही नाहीत! आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना याचे नवल वाटत नाही. हजेरीपटावर ‘हेल्पर’ आणि प्रत्यक्षात सारे यंत्र सांभाळणारा, अशी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. द्रव्याचे नाव चुकले तरी वास बिघडत नाही; माणसाचे चुकले की पगार बिघडतो.

एरंडाच्या बीत रिसिन नावाचे जहाल विष असते. ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. पेंड नीट तापवली तर ते नष्ट होते. पण त्या बियांच्या नि पेंडीच्या धुळीने गिरणीत, गोदामात आणि गोदीत काम करणाऱ्यांना दम्याचा विकार जडतो, हे वैद्यकाने नोंदवले आहे. एरंडाच्या उत्पादनात भारत जगात पहिला असून त्यातील बहुतांश पीक गुजरातचे; म्हणजे ही धूळ मुख्यतः आपल्याच देशबांधवांच्या छातीत जाते.

उपाय अवघड नाहीत: धूळ ओढून घेणारे पंखे, तोंडाला योग्य मुखपट्टी, ठरावीक मुदतीने छातीची तपासणी. अत्तराच्या कुपीच्या किमतीपुढे हा खर्च तो काय? सुगंध घेणाऱ्याने दीर्घ श्वास घ्यावा. मात्र तो निर्माण करणाऱ्यालाही तसाच श्वास घेता आला पाहिजे, एवढीच आमची मागणी आहे.